जीवक कौमारभृत्य : थाई अंगमर्दकांचा आदिगुरू

मुंबई-पुण्यात आणि गोव्यात थाई मसाजच्या पाट्या आपण पाहिल्या असतील. त्या पाटीखालून जाताना आपल्यापैकी बरेच जण मान दुसरीकडे फिरवतात. का फिरवतात, ते पुढे येईलच. पण ज्या देशातून ही विद्या आली त्या थायलंडमध्ये ती शिकणारा विद्यार्थी पहिल्या दिवशी काय करतो, हे आपल्याला क्वचितच ठाऊक असते. तो गुडघे टेकून बसतो, हात जोडतो आणि एका वैद्याला वंदन करतो. या विधीला तेथे वाई ख्रू, म्हणजे गुरुवंदना, असे म्हणतात. ज्याला वंदन केले जाते तो गुरू थाई नाही, सयामचा कोणी राजा नाही की ऋषी नाही. तो मगध देशातील राजगृहाचा, उकिरड्यावर टाकून दिलेला एक मुलगा आहे. त्याचे नाव जीवक. थाई जिभेवर त्याचे चीवक कोमारफात असे झाले आहे.

भगवान बुद्धांचा वैद्य म्हणून जीवकाचे नाव आपल्या कानावर असते. बाबासाहेबांनी बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथात त्याच्या धम्मदीक्षेला स्वतंत्र स्थान दिले आहे. परंतु त्याचे सबंध चरित्र आपण मुलांना सांगत नाही. ते विनयपिटकाच्या महावग्गात, चीवरखंधकात, सविस्तर आले आहे. तेच येथे सांगावयाचे आहे.

त्या काळी वैशाली नगरी भरभराटीला आली होती आणि तिच्या वैभवात आम्रपाली या गणिकेचा वाटा मोठा होता. राजगृहाचा एक श्रेष्ठी वैशालीला जाऊन आला आणि आपल्या नगरातही अशी एखादी गणिका असावी, असे त्याने राजा बिंबिसाराला सुचविले. राजाने होकार दिला. सालवती नावाच्या तरुणीला त्या पदावर बसविण्यात आले. आम्रपाली एका रात्रीचे 50 कार्षापण घेई, सालवतीचा दर 100 ठरला. थोड्याच दिवसांत ती गरोदर राहिली. गरोदर गणिकेकडे पुरुष फिरकत नाहीत, म्हणून तिने आजारी असल्याचे सांगून दार लावून घेतले. मुलगा झाला. तो तिने दासीच्या हाती दिला आणि दासीने त्याला एका जुन्या सुपात घालून उकिरड्यावर टाकून दिले.

सालवतीला दोष देण्याची घाई कोणी करू नये. तिला त्या पदावर बसविणारे दरबारातले होते, तिच्याकडे जाणारे नगरातले प्रतिष्ठित होते, आणि मूल मात्र एकटे तिचे ठरले.

सकाळी राजपुत्र अभय राजाच्या भेटीला निघाला होता. उकिरड्यावर कावळ्यांचा गराडा पाहून त्याने चौकशी केली. लोकांनी सांगितले की तेथे मूल आहे. ते जिवंत आहे काय, असे त्याने विचारले, आणि जिवंत आहे असे उत्तर आले. त्या जिवंत असण्यावरूनच मुलाचे नाव जीवक पडले. राजकुमाराने वाढविले म्हणून तो कौमारभृत्य, पालीत कोमारभच्च. बालरोगांच्या चिकित्सेला आयुर्वेदात कौमारभृत्य म्हणतात, त्यावरून काही अभ्यासक या नावाचा वेगळा अर्थ लावतात. पण विनयात दिलेला अर्थ पहिलाच आहे.

मुलगा मोठा झाला तेव्हा त्याने अभयाला आपल्या आईबापांविषयी विचारले. तुझी आई कोण हे मला ठाऊक नाही, तुला मी वाढविले म्हणून मीच तुझा बाप, एवढेच अभय सांगू शकला. येथे जीवकाच्या मनात जो विचार आला त्याकडे मी तुमचे लक्ष वेधू इच्छितो. त्याला वाटले की राजघराण्यात हाती काही शिल्प, म्हणजे कसब, नसताना दिवस काढणे सोपे नाही. ज्याला कूळ नाही, गोत्र नाही, त्याला उभे राहावयाचे असेल तर हातात विद्या हवी. घरातून विद्यापीठाची पायरी चढणारा पहिलाच असलेल्या प्रत्येकाला हा विचार समजावून सांगण्याची गरज नाही. जीवक कोणाला न विचारता तक्षशिलेला निघून गेला.

मगधातून तक्षशिला म्हणजे सध्याच्या बिहारमधून पाकिस्तानातील रावळपिंडीजवळचा मुलूख. तेथे एका नामांकित वैद्याकडे तो सात वर्षे शिकला. पुष्कळ शिके, लवकर शिके, शिकलेले विसरत नसे. पण सात वर्षांनंतरही या विद्येचा शेवट दिसेना. ती कधी संपणार, असे त्याने आचार्यांना विचारले. आचार्यांनी त्याच्या हाती कुदळ दिली आणि तक्षशिलेच्या भोवती एक योजन फिरून जे औषधी नाही असे जे काही दिसेल ते घेऊन ये, असे सांगितले. जीवक फिरला आणि रिकाम्या हाताने परत आला. औषधी नाही असे त्याला काही आढळलेच नाही. शिक्षण झाले, असे आचार्यांनी ठरविले आणि वाटखर्चाला थोडेसे देऊन त्याला निरोप दिला. शिक्षक या नात्याने सांगतो, याहून चांगली परीक्षा मला माहीत नाही. तीत पाठ केलेले ओकावयाचे नाही, डोळे उघडे ठेवून चालावयाचे आहे.

वाटखर्च साकेतापर्यंतच पुरला. साकेतात एका श्रेष्ठीची पत्नी सात वर्षे डोकेदुखीने बेजार होती. मोठमोठे वैद्य आले आणि सोने घेऊन गेले, गुण आला नाही. हा तरुण पोरगा काय करणार, म्हणून तिने जीवकाला दाराबाहेर थांबविले. आधी काही देऊ नका, बरे वाटल्यावर मनाला येईल ते द्या, असा त्याने निरोप पाठविला. पसाभर तूप औषधींबरोबर कढवून त्याने तिला नस्य दिले. तूप नाकातून गेले आणि तोंडातून आले. ते तिने पात्रात थुंकले आणि दासीला कापसाने टिपून ठेवावयास सांगितले. जीवक चपापला. एवढी चिक्कू बाई आपल्याला काय देणार! तिने त्याच्या चेहऱ्यावरचे ओळखले. हे तूप नोकरांच्या पायांना चोळावयास किंवा दिव्यात घालावयास उपयोगी पडेल, ते वाया का घालवावे, आणि तुझे मोल बुडणार नाही, असे तिने त्याला समजाविले. एका नस्याने तिची सात वर्षांची व्यथा गेली. तिने, मुलाने, सुनेने आणि पतीने प्रत्येकी 4,000 दिले. वर दास, दासी आणि घोड्यांचा रथ. जीवकाने ती 16,000 ची पहिली कमाई पालनपोषणाचे ऋण म्हणून अभयापुढे ठेवली. अभयाने ती घेतली नाही. आपल्याच वाड्यात घर बांधून राहा, एवढे मात्र सांगितले.

पुढची प्रकरणे थोडक्यात सांगतो. बिंबिसाराला भगंदर झाला होता, वस्त्राला रक्त लागे आणि राण्या थट्टा करीत. जीवकाने नखावर घेतलेल्या लेपाने तो बरा केला. राजाने त्याला आपला, अंतःपुराचा आणि बुद्धप्रमुख भिक्षुसंघाचा वैद्य नेमले. वाराणसीच्या एका श्रेष्ठीपुत्राच्या आतड्याला कोलांटउड्या मारताना पीळ पडला होता. जीवकाने पोट उघडून पीळ सोडविला, आतडे जागी ठेवले आणि पोट शिवले. राजगृहाच्या श्रेष्ठीचे डोके उघडून त्याने दोन किडे काढले, असेही विनयात आहे. या रोग्याला त्याने प्रत्येक कुशीवर सात महिने आणि उताणे सात महिने निजण्याची अट घातली होती. रोगी सात-सात दिवसांतच कंटाळला आणि तेवढ्यातच बराही झाला. सात महिने सांगितले नसते तर तू सात दिवससुद्धा निजला नसतास, असे जीवकाने त्याला नंतर सांगितले. रोग्याचे मन ओळखणे हाही विद्येचाच भाग आहे.

उज्जयिनीच्या चंडप्रद्योताची गोष्ट मात्र मुलांना अवश्य सांगा. त्याला पांडुरोग झाला होता, उपाय तुपात होता आणि तुपाचा तर त्याला तिटकारा. जीवकाने तूप असे कढविले की त्याला काढ्याचा रंग, वास आणि चव आली. औषधी खणून आणण्यासाठी हव्या त्या वाहनावरून, हव्या त्या दरवाजातून जाण्याची परवानगी त्याने आधीच मिळविली होती. तूप पाजले आणि भद्दवतिका नावाच्या हत्तिणीवर बसून तो पसार झाला. राजाला ओकारी झाली, कपट कळले, त्याने काक नावाचा वेगवान दास मागे धाडला. कोसंबीला त्याने जीवकाला गाठले. जीवकाने त्याला नखाखाली औषध ठेवून अर्धा आवळा खिलविला, त्याला जुलाब लागले, आणि हत्तीण त्याच्या स्वाधीन करून जीवक राजगृहाला निघून गेला. प्रद्योत बरा झाला आणि कृतज्ञतेने त्याने शिवी देशाच्या अत्यंत मौल्यवान वस्त्रांची जोडी जीवकाला पाठविली.

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहावयास घेतला तो येतो. तथागतांच्या देहात दोष साठले होते आणि रेचन हवे होते. आनंदाने जीवकाला कळविले. जीवकाने लगेच औषध दिले नाही. आधी काही दिवस तथागतांच्या शरीराला स्नेह द्या, म्हणजे तेल-तूप देऊन ते मऊ करा, असे त्याने सांगितले. ते झाल्यावर तीव्र औषध न देता औषधींनी भारलेल्या कमळांचा वास त्याने त्यांना घ्यावयास दिला. देह आधी सैल करावयाचा, मग त्यावर उपचार करावयाचा, हा क्रम ध्यानात ठेवा. थायलंडच्या अंगमर्दकाच्या कामातही तोच क्रम आहे. तो प्रथम पावलांना हात लावतो, पायांवरून वर सरकतो, शरीर सैल झाल्याखेरीज ताण देत नाही.

तथागत बरे झाल्यावर जीवकाने ती शिवी देशाची वस्त्रे त्यांना अर्पण केली. तोपर्यंत भिक्षू पांसुकूल चीवर, म्हणजे उकिरड्यावरच्या आणि स्मशानातल्या चिंध्या, शिवून वापरीत. ज्याला इच्छा असेल त्याने पांसुकूल वापरावे, ज्याला इच्छा असेल त्याने गृहस्थाने दिलेले चीवर घ्यावे, अशी मोकळीक तथागतांनी जीवकाच्या विनंतीवरून दिली. उकिरड्यावर सापडलेल्या मुलाने ही विनंती केली, हे मला विसरता येत नाही.

याच खंधकात पुढे आणखी एक प्रसंग आहे. एक भिक्षू अतिसाराने आपल्याच मलमूत्रात पडला होता आणि कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास लावले, स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, आणि दोघांनी त्याला उचलून मंचकावर निजविले. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात वैद्याचे अन्न घेऊ नये असे सांगून त्याची तुलना पुवाशी केली आहे. दुसऱ्याच्या रोगी देहाला हात लावणारा तेथे विटाळलेला ठरतो. हे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहा. अंग चोळणे, केस कापणे, बाळंतपण करणे ही कामे आपल्याकडे कोणाच्या वाट्याला आली आणि ती करणाऱ्यांना काय मान मिळाला, हे वाचकांना मी सांगावयास नको.

विनयात देहाच्या उपचारांना मुक्त वाव आहे. पिलिंदवच्छ थेरांच्या अंगात वात भरला तेव्हा घाम काढण्याची, औषधी पाल्याच्या वाफेने शेकण्याची अनुज्ञा मिळाली. त्यांचे पाय फुटले तेव्हा पायांना तेल चोळण्याची मिळाली. वैशालीला उंची भोजनांनी भिक्षू स्थूल आणि रोगी झाले, तेव्हा जीवकानेच तथागतांना विनंती करून त्यांच्यासाठी चंक्रमण, म्हणजे फेऱ्या मारणे, आणि जंताघर, म्हणजे वाफेचे स्नानगृह, यांची परवानगी मिळविली. त्याच्याच विनंतीवरून आणखी एक नियम झाला. मगधात कुष्ठ, गंड, किलास, शोष आणि अपस्मार या पाच रोगांची साथ होती. जीवकाचा बहुतेक वेळ राजाकडे आणि संघाकडे जाई, म्हणून लोक केवळ औषधासाठी चीवर घेत आणि बरे होताच टाकून देत. अशा रोग्यांना प्रव्रज्या देऊ नये, असे ठरले. थायलंडमध्ये आजही उपसंपदा घेणाऱ्याला या पाच रोगांविषयी विचारतात.

मग जीवक सयामला गेला होता काय? नाही. पाली ग्रंथांत तो अंगमर्दन करतो असेही कोठे नाही. थाई मसाज ही विद्या सयामच्या भूमीवर, तेथील गावोगावच्या अनुभवातून वाढली आणि तीत भारतातून गेलेले ज्ञान मिसळले. धम्माबरोबर तिपिटक गेले आणि तिपिटकाबरोबर जीवक गेला. हातात विद्या असलेल्या लोकांनी त्याला आपला गुरू मानले. अयुध्येच्या राज्यात 1687 साली आलेला फ्रेंच वकील सिमों द ला लुबेर याने लिहून ठेवले आहे की, तेथे कोणी आजारी पडला की जाणकार माणूस त्याच्या अंगावर चढून पायांनी त्याला तुडवितो. 1767 मध्ये ब्रह्मी सैन्याने अयुध्या जाळली, तेव्हा पुष्कळ ग्रंथ नष्ट झाले. जे उरले ते पुन्हा हरवू नये म्हणून तिसऱ्या रामाच्या कारकिर्दीत, 1831 ते 1841 या काळात, बँकॉकच्या वाट फो विहारात ते दगडावर कोरून ठेवण्यात आले. अशा चौदाशेहून अधिक शिलालेखांना युनेस्कोने 2011 मध्ये जागतिक स्मृतीच्या नोंदवहीत स्थान दिले. त्यांतील 60 आकृत्या केवळ अंगमर्दनाच्या आहेत, कोठे दाबले असता काय उतरते ते दाखविणाऱ्या. राजवाड्यातील पोथी विहाराच्या भिंतीवर आली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचावयास मिळाली, ही मोठी गोष्ट आहे. ज्ञान कानात शिसे ओतून राखावयाचे की दगडावर कोरून वाटावयाचे, हे दोन मार्ग आहेत.

या विद्येत देहात दहा मुख्य वाहिन्या मानतात. त्यांना सेन सिप म्हणतात. त्यांपैकी सुमना, इथा, पिंगखला ही नावे ऐकताच आपल्याकडच्या सुषुम्ना, इडा, पिंगला आठवतील. वाहिन्यांतून लोम, म्हणजे वारा, वाहतो आणि तो अडला की दुखते, अशी कल्पना आहे. आजचे शरीरशास्त्र अशा वाहिन्या मानीत नाही. पण आखडलेले स्नायू दाबून आणि ताणून सैल होतात, यासाठी वाहिनी मानलीच पाहिजे असे नाही. बुद्धिवाद्याने विद्या घ्यावी आणि कल्पना कल्पना म्हणून ओळखावी. रोगी जमिनीवरच्या गादीवर अंगात सैल कपडे घालून निजतो, तेल सहसा लागत नाही. मर्दक अंगठा, तळहात, कोपर, गुडघा आणि पाऊल वापरतो. दरबारी पद्धतीत मात्र तो फक्त हात वापरतो आणि रोग्याजवळ गुडघ्यांवर सरकत जातो. हळद, गवती चहा, कापूर आणि आल्याच्या जातीची प्लाय नावाची मुळी फडक्यात बांधून, वाफवून, तिने शेकण्याचीही रीत आहे.

पोट भरण्यासाठी ही विद्या शिकू पाहणाऱ्याने काही गोष्टी समजून घ्याव्यात. वाट फोच्या आवारात 1955 साली पारंपरिक वैद्यकाची शाळा निघाली. तेथील प्राथमिक वर्ग 30 तासांचा, म्हणजे पाच दिवसांचा असतो. परदेशी माणूस तो करून भिंतीवर प्रमाणपत्र लावतो. खुद्द थायलंडमध्ये आरोग्य-मसाजाचे काम करणाऱ्यासाठी 150 तासांचा अभ्यासक्रम आहे, आणि रोगोपचार म्हणून मर्दन करावयाचे तर त्याहून कितीतरी अधिक शिकावे लागते. 2013 पासून त्या व्यवसायासाठी स्वतंत्र कायदाही झाला आहे. पाच दिवसांत क्रम पाठ होतो, हात तयार होत नाही. जोर अंगठ्यातून न देता हात सरळ ठेवून शरीराच्या वजनातून द्यावा लागतो. हे ज्याला जमत नाही त्याचे अंगठे काही वर्षांत कामातून जातात. आणि कोणाला हात लावू नये हे आधी शिकावे लागते. ताप असलेला, हाड नुकतेच मोडलेला, पायाच्या शिरेत गुठळी असलेला, अंगावर संसर्गजन्य रोग असलेला माणूस आला तर त्याला परत पाठवावे. आलेले पैसे परत पाठविणे कठीण असते, पण सेवा आणि धंदा यांची परीक्षा तेथेच होते.

सुरुवातीला सांगितलेली मान फिरविण्याची गोष्ट आता घेऊ. व्हिएतनाम युद्धाच्या काळात, 1960 आणि 1970 च्या दशकांत, अमेरिकन सैनिक विश्रांतीसाठी थायलंडला आणले जात. त्यांच्या पैशावर मसाजच्या नावाखाली देहविक्रीचा बाजार उभा राहिला आणि एका जुन्या विद्येच्या नावाला डाग लागला. आपल्या शहरांतही काही पाट्यांआड तेच चालते आणि गरीब घरच्या मुली त्यात फसतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण दिवसभर गुडघ्यांवर बसून म्हाताऱ्यांचे सांधे मोकळे करणाऱ्या हजारो थाई स्त्रियांना त्याच नजरेने पाहणे हा अन्याय आहे. या कामात तेथे अनेक अंध स्त्रीपुरुषही आहेत, त्यांना ते स्वाभिमानाची भाकरी देते. डिसेंबर 2019 मध्ये युनेस्कोने नुआद थाई, म्हणजे थाई मसाज, मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतला. त्या स्त्रिया सकाळी ज्याच्यापुढे हात जोडतात तो स्वतः एका गणिकेचा मुलगा होता, आणि तथागतांनी आपला देह त्याच्या हाती निःसंकोच सोपविला होता.

उत्तर आयुष्यात जीवकाने राजगृहातील आपले आंब्याचे वन संघाला दिले. देवदत्ताने लोटलेल्या शिळेची कपची तथागतांच्या पायाला लागली तेव्हा त्यांना याच वनात आणून जीवकाने पट्टी बांधली, असे अट्ठकथेत आहे. उपासक कोणाला म्हणावे, हा प्रश्न त्याने तथागतांना येथेच विचारला. बापाचा वध करून गादीवर बसलेल्या अजातशत्रूला झोप येईनाशी झाली, तेव्हा पौर्णिमेच्या रात्री त्याला येथे घेऊन आला तो जीवकच. साडेबाराशे भिक्षू असूनही वनात इतकी शांतता होती की, आपल्याला शत्रूच्या हाती तर दिले नाही ना, अशी राजाला शंका आली. जीवकाने त्याला धीर दिला आणि मंडपातील दिव्यांकडे बोट दाखवून पुढे चालण्यास सांगितले.

राजगीरला जाल तेव्हा गृध्रकूटाच्या रस्त्यावर थोडे थांबा. उत्खननात निघालेले लांबट गोल दालनांचे दगडी पाये तेथे उघड्यावर आहेत. जीवकाम्रवन म्हणून ती जागा दाखवितात.